कुलूप शाबूत होतं
(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी आम्हाला 'मोबाईल आणि आपली सुरक्षा' हा विषय दिला. आम्ही काही तज्ज्ञ नाही. पॉलिटेक्निकमधून संगणकाचा डिप्लोमा केला, राज्य सरकारच्या नोकरीत लागलो, आणि तेव्हापासून ऑफिसात प्रिंटर अडला की हाक आम्हालाच. तरी बोलायला उभे राहिलो, कारण या विषयात आमची एक फजिती जमा आहे. ती आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना आम्ही उपदेश करतोय असं कुणाला वाटणार नाही.

२०२३च्या विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली होती. आमचा बारा जणांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यात काही ऑफिसातले, काही याच मंडळातले. रात्री जेवण झाल्यावर आम्ही त्यात एका उमेदवाराबद्दल दोन ओळी लिहिल्या. शिवी नव्हती, पण सरकारी नोकराने लिहू नये असं होतं. ग्रुपमध्ये वर पिवळ्या पट्टीत लिहिलेलं असतंच, की हे संदेश फक्त इथल्याच लोकांना वाचता येतात. ती पट्टी आम्ही मनापासून वाचली होती. चौथ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. टेबलावर त्या दोन ओळींची छापील प्रत, वर आमचं नाव, वेळ रात्री दहा वाजून काही मिनिटं. मध्य प्रदेश सिव्हिल सेवा आचरण नियम, १९६५ काय सांगतात ते आम्हाला तोंडपाठ होतं, तरी साहेबांनी पुन्हा सांगितलं. लेखी खुलासा दिला, तोंडी समज मिळाली, प्रकरण मिटलं. पण तीन आठवडे घरात कुणाला झोप नव्हती. मुलीची बारावी होती, त्यात बदली झाली असती तर काय, हाच विचार.

आता गंमत पाहा. कुलूप कुणी तोडलं नव्हतं. आमच्या फोनपासून बाकी अकरा फोनांपर्यंत तो संदेश पक्क्या बंदोबस्तात गेला. बारांपैकी एकाने स्क्रीनचा फोटो काढला, एवढंच.

हे कुलूप आहे काय, ते थोडक्यात सांगतो. तुमच्या फोनमध्ये किल्ल्यांची जोडी तयार होते. एक किल्ली जगाला वाटायची. तिने फक्त कुलूप लागतं. दुसरी फोनच्या बाहेर जात नाही. तिनेच ते उघडतं. टपालपेटीसारखं समजा. पत्र कुणीही टाकावं, पेटी उघडणार किल्लीवालाच. व्हॉट्सॲपने ही सोय २०१६ मध्ये सगळ्यांना दिली, आणि ती ज्या पद्धतीवर चालते ती 'सिग्नल' ॲपवाल्यांनी बनवलेली आहे. टेलिग्राम वापरणाऱ्या तरुणांनी इथे कान द्यावा: तिथल्या साध्या गप्पांना आणि ग्रुपना हे दोन्ही टोकांचं कुलूप नसतं, 'सीक्रेट चॅट' मुद्दाम उघडावी लागते. काका मंडळींनी दुसरीकडे कान द्यावा: व्हॉट्सॲपचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर जातो तेव्हा त्यालाही हे कुलूप आपोआप लागत नाही. २०२१ पासून तशी सोय आहे, पण ती आपण चालू करायची असते. दाराला तीन कड्या आणि परसदार उघडं, अशी बऱ्याच घरांत स्थिती आहे. शिवाय आत काय लिहिलंय ते कंपनीला दिसत नसलं, तरी कोण कोणाशी केव्हा बोललं याचा माग राहू शकतो.

मग कुलूप चांगलं आहे हे कळणार कसं? इथे ओपन सोर्स येतं. सॉफ्टवेअरची मूळ लिखाई सगळ्यांसमोर ठेवायची, कुणीही वाचावी, चुका दाखवाव्यात. लोक विचारतात, कुलपाचा नकाशाच वाटला तर चोराचं फावणार नाही का? या शास्त्रात उलटा नियम आहे आणि तो एकोणिसाव्या शतकापासूनचा आहे: गुपित फक्त किल्लीत असावं, कुलपात नसावं. सिग्नलची लिखाई अशी उघडी आहे, संस्था देणग्यांवर चालते. व्हॉट्सॲपच्या दोन संस्थापकांपैकी एक, ब्रायन ॲक्टन, फेसबुक सोडून गेला आणि २०१८ मध्ये त्याने याच कामाला पाच कोटी डॉलर दिले. आमच्या मते हे त्याचं प्रायश्चित्त असावं, पण ते त्यालाच ठाऊक.

ओपन सोर्सशी आमची ओळख जुनी. डिप्लोमाच्या दिवसांत 'पीसी क्वेस्ट' मासिकाबरोबर लिनक्सची सीडी मिळायची. आम्ही ती घरच्या संगणकावर चढवली आणि वडिलांचा पत्त्यांचा खेळ पुसून टाकला. त्यांनी दोन दिवस अबोला धरला. पण बंदिस्त सॉफ्टवेअरचा खरा चटका याच मंडळात बसला. दोन वर्षांपूर्वी जुन्या स्मरणिका पुन्हा छापायच्या ठरल्या. वीसेक वर्षांपूर्वीच्या सीड्या निघाल्या. मजकूर पेजमेकरमधला, प्रेसच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये. प्रेस बंद, फॉन्ट गेलेला. पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी. ऑफिसात कृतिदेवचं हेच. फॉन्ट नसला तर 'भारत'च्या जागी एच, के, के, जे, आर अशी पाच अक्षरं उमटतात. आमच्या आजोबांच्या पिढीतल्या एका कीर्तनकारबुवांच्या आठवणी त्या सीडीत होत्या. शेवटी एका काकूंच्या पलंगाच्या पेटीत कागदी अंक सापडला, त्यावरून पोरांनी युनिकोडमध्ये पुन्हा टंकला. युनिकोड खुलं मानक आहे, कुठल्या एका प्रेसच्या मालकीचं नाही.

पण उघडं म्हणजे सुरक्षित, असंही नाही. २०२४च्या मार्चमध्ये 'एक्सझेड' नावाच्या एका लहानशा सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी चोरदार बसवल्याचं उघड झालं. जगभरच्या असंख्य लिनक्स यंत्रांत ते सॉफ्टवेअर असतं. सांभाळणारा एकटा माणूस, फुकट काम करणारा, थकलेला. 'जिया टॅन' या नावाने कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ गोड बोलून, मदत करून त्याचा विश्वास मिळवला. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं, तो खणत गेला आणि सापडलं. लिखाई उघडी होती म्हणून खणता आलं हे खरं. सगळा भार एकावर होता म्हणून घुसता आलं हेही खरं. आपले खजिनदार एकवीस वर्षं एकटेच हिशेब लिहितात. हे ऐकून ते आमच्याकडे का बघतायत ते आम्हाला कळतंय.

आता राजकारण. आम्हाला नियमांची मर्यादा आहे, पक्षाचं नाव निघणार नाही. २०२१च्या नियमांत केंद्र सरकारने म्हटलं की मोठ्या ॲपांनी मागणी झाल्यास संदेश पहिल्यांदा कुणी पाठवला ते सांगावं. व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं: हे करायचं तर कुलूपच मोडावं लागेल. आम्ही कुलपाच्या बाजूचे. पण दुसऱ्या बाजूला काही नाही असं म्हणणाऱ्यांशी आमचं जमत नाही. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून पाच जणांना जमावाने मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची भटकी, भिक्षा मागणारी माणसं. त्या वेळी अशा अफवा मोबाईलवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घालायला घेतली. कुलूप न मोडता करता आलं ते एवढं. आमचा आक्षेप वेगळा आहे. विरोधात असताना ज्यांना कुलूप हवं असतं, खुर्चीवर बसल्यावर त्यांनाच किल्ली हवी असते. त्यामुळे किल्ली कुणाला द्यायची हे ठरवताना आज खुर्चीवर कोण आहे ते न बघता द्यावी. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं. ती याचिका ऐंशी ओलांडलेले निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी केली होती. आपल्याकडे या वयात माणसाला रिमोट देत नाहीत.

फोटो कुणी काढला, असं खाली बसलेले काही जण मनात विचारतायत. आम्हाला माहीत आहे. त्यालाही माहीत आहे की आम्हाला माहीत आहे. यंदा मांडवाची वायरिंग आम्ही दोघांनी मिळून केली, शिडी त्याने धरली होती. बोललो फक्त होल्डर आणि बल्बबद्दल. तो ग्रुप अजून आहे, त्यात आता सुप्रभात आणि वाढदिवस असतात. राजकारण आम्ही रविवारी सकाळी पोह्यांच्या गाडीवर बोलतो, फोन खिशात ठेवून.

आरतीची वेळ झाली. ज्यांना बॅकअपला कुलूप लावायचंय त्यांनी उद्या संध्याकाळी सहाला फोन घेऊन मंडळाच्या खोलीत यावं. पासवर्ड स्वतः टाकायचा, आणि घरी वहीत लिहून ठेवायचा. विसरलात तर आम्हीही उघडून देऊ शकणार नाही.