चेहरा बदलला, गोष्ट टिकली

आजचा भाग नागझिऱ्याच्या चोरखमारा गेटजवळ बसून रेकॉर्ड करतोय. मागून रातकिडे ऐकू आले तर सांभाळून घ्या.

आजचा प्रश्न साधा आहे. विज्ञानकथेची एखादी मालिका साठ वर्षं टिकते कशी?

बीबीसीची 'डॉक्टर हू' २३ नोव्हेंबर १९६३ला सुरू झाली. पहिल्या कथेचा दिग्दर्शक होता लखनौत जन्मलेला वारिस हुसेन. तीनच वर्षांत मुख्य नट विल्यम हार्टनेलची तब्येत ढासळली. दुसरी मालिका तिथंच बंद पडली असती. निर्मात्यांनी काय केलं? डॉक्टर परग्रहावरचा आहे ना, मग त्याचं शरीरच बदलू दे! १९६६मध्ये डॉक्टर तोच, नट नवा: पॅट्रिक ट्राउटन. अडचणीचाच पुढं नियम झाला.

आता आपला 'शक्तिमान' आठवा. १९९७ ते २००५. शक्तिमान म्हणजे मुकेश खन्ना, दुसरा चेहरा डोळ्यासमोर येतच नाही. लॉकडाऊनमध्ये दूरदर्शननं तो परत दाखवला, पण भाग जुनेच.

तरी नुसता चेहरा बदलून भागत नाही. बीबीसीनं त्या काळच्या कितीतरी टेप पुसून परत वापरल्या. 'डॉक्टर हू'च्या नव्वदहून जास्त भागांचं चित्रण त्यामुळं हरवलं. आवाज मात्र प्रत्येक भागाचा आहे! कारण चाहते घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून बसायचे. १९८९मध्ये मालिका थांबली, तेव्हाही कादंबऱ्या आणि ऑडिओ नाटकांतून गोष्ट चालू राहिली. २००५मध्ये ती टीव्हीवर परत आणली रसेल टी. डेव्हिसनं, आणि तो लहानपणापासूनचा चाहता.

इथं बसून हे जास्त पटतं. 'जय' हा नागझिऱ्याचाच वाघ. २०१३मध्ये तो उमरेड-कऱ्हांडल्याला निघून गेला. जंगल काही त्याच्या एकट्यावर उभं नव्हतं. पण सगळं आपोआपही चाललं नाही. २०२३मध्ये ब्रह्मपुरीकडच्या वाघिणी इथं आणून सोडाव्या लागल्या.

आपल्या आवडीची एखादी मराठी मालिका किंवा श्रुतिका ॲपवरून उद्या गायब होऊ शकते. ती आवडत असेल तर आजच कुणाला तरी ऐकवा, तिच्यावर बोला, जमलं तर पुढची गोष्ट स्वतः लिहा. नायक नवा आला तरी चालेल. गोष्ट मागणारं कुणीतरी उरायला हवं.

भेटू पुढच्या भागात!