शृंगार विदर्भाच्या लेकींचा



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षानं भाषेच्या भवितव्यावर बोलावं, अशी रीत आहे. पिंपळगाव राजाच्या या संमेलनात मी आज प्रणयकथेवर बोलणार आहे. जुनी गाजलेली कादंबरी किंवा आख्यान घ्यायचं, मूळ लेखकानं जिथं पडदा पाडला तिथं तो उचलायचा आणि नायक-नायिकेचा शृंगार मोकळेपणानं, सविस्तर सांगायचा, असं लेखन सध्या जगभर होतं आहे. मराठीतही होतं आहे. आपल्या गावातल्या मुली ते मोबाइलवर वाचतात, काही जणी लिहितातही. संमेलनाच्या मांडवात मात्र त्याचं नाव निघत नाही. ते निघावं आणि त्याची पारख साहित्य म्हणून व्हावी, एवढ्यासाठी मी उभा आहे.

आधी बाहेरचं सांगतो. २०१२ साली टोटल-ई-बाउंड नावाच्या ब्रिटिश प्रकाशनानं ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’, ‘जेन एअर’ अशा कादंबऱ्यांच्या शृंगारिक आवृत्त्या काढल्या. मूळ मजकूर ठेवून त्यात मधे मधे शयनगृहाचे प्रसंग घातले होते. मला हा प्रकार पटत नाही, आणि त्याचं कारण सोवळेपणा नाही. जेन ऑस्टिनची कादंबरी १८१३ सालची. एलिझाबेथ आणि डार्सी यांच्यामध्ये पैसा, कुळ, अब्रू आणि दोघांचा ताठा उभा आहे. ती दोघं एकमेकांना हात लावू शकत नाहीत, यावर सगळी कादंबरी उभी आहे. मागणी घालण्याआधीच त्यांना एका बिछान्यात नेलं, तर पुढची पानं वाचायची कशाला? जुन्या लुगड्याला रेशमी ठिगळ लावलं म्हणून लुगडं रेशमी होत नाही. उलट जीन ऱ्हिस या लेखिकेनं १९६६ साली ‘जेन एअर’मधल्या माळ्यावर कोंडलेल्या वेड्या बायकोची गोष्ट ‘वाइड सारगॅसो सी’ या कादंबरीत लिहिली. त्या बाईच्या देहाची ओढ आणि तिची झालेली नासाडी त्यात आहे. ती वाचल्यावर मूळ कादंबरीतला माळा आपल्याला पुन्हा पहिल्यासारखा दिसत नाही. नव्यानं सांगणं म्हणजे हे.

आता आपल्याकडं येऊ. मराठीची पहिली ज्ञात कवयित्री महदंबा. तेराव्या शतकात इथून पूर्वेला रिद्धपूरला, जिथं आता मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे, महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या लीळेत तिनं धवळे गायले. विषय काय, तर रुक्मिणी आणि कृष्णाचं लग्न. म्हणजे मराठीत नाव टिकून राहिलेल्या पहिल्या कवयित्रीनं जुनी प्रेमकथा आपल्या भाषेत पुन्हा सांगितली, आणि ती कथा विदर्भाच्या लेकीची होती. रुक्मिणी कौंडण्यपूरची. वर्धेच्या काठचं ते गाव आजही पंढरपूरला पालखी पाठवतं. भावानं शिशुपालाशी ठरवलेलं लग्न मोडायला तिनं स्वतः निरोप धाडला, मला घेऊन जा म्हणून. पुढं नरेंद्रानं ‘रुक्मिणीस्वयंवर’ लिहिलं, एकनाथांनी लिहिलं, आणखी कितीतरी जणांनी लिहिलं. नरेंद्राची आख्यायिका तुम्हाला ठाऊक असेल. रामदेवराय यादवानं त्या काव्यावर आपलं नाव घालायला सोनं देऊ केलं आणि नरेंद्रानं ते नाकारलं. ही आख्यायिका लक्षात ठेवा, शेवटी मला ती लागणार आहे.

याच महानुभाव पंथातला भास्करभट्ट बोरीकर. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यानं ‘शिशुपालवध’ लिहिला. नाव वधाचं, पण ग्रंथाचा मोठा भाग कृष्ण-रुक्मिणीच्या प्रणयाचा, रुसव्याचा, विरहाचा. पंथातल्या वडीलधाऱ्या गुरुबंधूनं तो वाचून सांगितलं, ग्रंथ चांगला झाला आहे, पण विरक्तांच्या कामाचा नाही, शृंगारी झाला. भास्करभट्टानं मग ‘उद्धवगीता’ लिहिली. या प्रसंगातला समंजसपणा मला फार मोलाचा वाटतो. वाचणाऱ्यानं आधी ग्रंथाला चांगला म्हटलं, मग तो कुणासाठी नाही ते सांगितलं. कवीनं राग न धरता दुसरा ग्रंथ दिला. पहिला कुणी फाडला नाही, जाळला नाही. तो आज विद्यापीठात शिकवला जातो.

विसाव्या शतकात आपण हा समंजसपणा घालवला. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयानं दोषी ठरवलं, सर्वोच्च न्यायालयानं १९६९ साली सोडलं. समाजाची मापं बदलत असतात आणि प्रत्येक लेखकाला अल्पवयीन वाचकापुरतं लिहायला लावता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. लेखकाची सात वर्षं मात्र त्यात गेली. काकोडकरांच्याच ‘नीलांबरी’ कादंबरीवरून ‘दो रास्ते’ हा सिनेमा निघाला आणि देशभर चालला. अभ्यासक्रमात काकोडकर कधी आलेले मला तरी दिसले नाहीत.

आता मला थोडं थांबून दमयंतीबद्दल बोलायचं आहे. तीही आपलीच, विदर्भराजा भीमाची मुलगी. रघुनाथपंडितांमुळे मराठी माणसाला तिचं स्वयंवर पाठ आहे, पण त्यातला शृंगार कुठं आहे हे आपण नीट पाहत नाही. स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण, यम हे चौघे नलाचं रूप घेऊन नलाशेजारी बसले. पाच सारखे पुरुष. मग तिनं पाहिलं, की चौघांना घाम नाही, त्यांची पापणी लवत नाही, गळ्यातली फुलं कोमेजत नाहीत, पाय भुईला टेकत नाहीत, सावली पडत नाही. पाचव्याच्या अंगावर धूळ आहे, घाम आहे, त्याची माळ सुकली आहे. तिनं त्याच्या गळ्यात माळ घातली. देव समोर बसलेले असताना घाम येणारा, एक दिवस मरणारा देह तिनं मागितला. याहून धीट प्रणयप्रसंग मला जगाच्या साहित्यात माहीत नाही, आणि त्यात कुणी कुणाला स्पर्शसुद्धा केलेला नाही.

पुढचा भाग त्याहून जबर आहे. नल जुगारात सगळं हरतो, वनात तिचं अर्धं वस्त्र कापून घेऊन तिला झोपेत सोडून जातो. ती माहेरी, कुंडिनपुरात येते आणि रडत बसत नाही. दुसऱ्या स्वयंवराची खोटी वार्ता अयोध्येला पाठवते, कारण एका दिवसात एवढा पल्ला गाठणारा सारथी नलाशिवाय दुसरा कुणी असणार नाही हे तिला माहीत असतं. बाहुक नावाचा कुरूप सारथी येतो. ती दासीला त्याच्या पाळतीवर ठेवते, त्यानं रांधलेलं चाखून पाहते, मुलांना त्याच्यापुढं पाठवते. सगळी खात्री करून घेते आणि मगच त्याला समोर बोलावून जाब विचारते. त्यानंतरची रात्र महाभारत फार थोडक्यात सांगतं.

या संमेलनाच्या निमित्तानं माझ्याकडं जी हस्तलिखितं आली, त्यात एका मुलीची वही होती. तिनं ती एकच रात्र लिहिली आहे, वऱ्हाडीत. नल आता आपल्या मूळ रूपात आहे, पण दमयंती त्याचा हात हातात घेते तेव्हा तळव्याला लगामाचे घट्टे लागतात आणि मनगटाजवळ चुलीच्या चटक्याचे डाग. देवांमधून तिनं ज्याला ओळखलं होतं, त्याच्या हातावर या खुणा नव्हत्या. ती विचारते, ‘हे कुठचं?’ तो एकेका डागाची हकिगत सांगतो. मग तो विचारतो आणि ती आपल्या पावलांवरच्या काट्यांच्या खुणा दाखवते. असं अंगभर चालतं. त्यात राग आहे, त्याला मधेच ढकलून देणं आहे, पुन्हा जवळ ओढणं आहे, आणि पुढं जे व्हायचं ते सगळं लिहिलेलं आहे, काही लपवलेलं नाही. वाचताना मला कुठंही अवघडल्यासारखं झालं नाही, कारण प्रत्येक स्पर्शामागं त्या दोघांचा सगळा वनवास होता. मधली काही पानं सिनेमाच्या भाषेत घसरली आहेत. तिथं दमयंतीचे ‘गुलाबी ओठ’ येतात आणि नलाचं ‘पोलादी शरीर’ येतं. ती पानं तिनं काढावीत असं मी तिला कळवलं आहे.

भाषेची ही अडचण तिच्या एकटीची नाही. मराठीत शृंगार लिहायला बसलं, की एका बाजूला अधर, बाहुपाश, रतिसुख अशी संस्कृतातली रांग उभी राहते आणि दुसऱ्या बाजूला शिवी. मधली घरातली, शेतातली भाषा सुचत नाही. ती आपल्याकडं होती. हालाच्या ‘गाथासप्तशती’त ती आहे, दोन हजार वर्षांच्या आसपासची, महाराष्ट्री प्राकृतातली. सदाशिव आत्माराम जोगळेकरांनी १९५६ साली तिची मराठी आवृत्ती आपल्यासाठी सिद्ध केली. त्यात एक गाथा कापसाच्या शेताची आहे. पहिल्या नांगरटीचा मुहूर्त आहे, बाई नांगराची पूजा करते आहे, आणि तिचा हात थरथरतो आहे. कारण या शेतात पऱ्हाटी उंच वाढली की आपल्याला कुणाला भेटता येईल, ते तिच्या मनात आलं आहे. १८७० साली केवळ कापसासाठी ज्या खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला, त्या खामगावच्या तालुक्यात मी हे सांगतो आहे. इथं बसलेल्या किती जणींनी पऱ्हाटीत वेचणी केली आहे! त्या शेतातला शृंगार तुमच्याइतका कोण लिहू शकेल? आपल्याच जिल्ह्यात, सिंदखेडराजाला जन्मलेल्या आणि मेहकरला वकिली केलेल्या ना. घ. देशपांड्यांनी प्रेमाची कविता रानातून, शिळेतून आणली. ‘शीळ’ १९५४ चा संग्रह, पुढचा ‘अभिसार’. त्यांना शब्द उसने घ्यावे लागले नाहीत.

जुनी आख्यानं सोडून आधुनिक कादंबरी नव्यानं सांगायला तरुण लेखक कचरतात. पात्राला स्वतःच्या तोंडून बोलू दिल्यानं काय साधतं, ते पाहायला खांडेकरांच्या १९५९ च्या ‘ययाति’चं उदाहरण घ्या. आदिपर्वातली कथा, पण ययाती, देवयानी, शर्मिष्ठा तिघंही ‘मी’ म्हणून बोलतात. खांडेकरांचा संयमाचा आग्रह कधी कधी पानावर फार दिसतो, असं माझं मत आहे. तरी शर्मिष्ठेच्या तोंडून प्रेम आलं, हे त्या कादंबरीचं मोठं देणं. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मधल्या यमूला असं कुणी बोलतं करील का? तिचं आणि रघुनाथरावांचं मुंबईतलं बिऱ्हाड, तिथलं वाचणं-लिहिणं, एकमेकांचा लळा हरिभाऊंनी जिवापाड रंगवला. तो नवरा अकाली जातो आणि पुढं यमूचं जबरदस्तीनं केशवपन होतं. त्या बिऱ्हाडातल्या रात्री तिच्या तोंडून कुणी लिहिल्या, तर न्हाव्यासमोर बसवलेल्या यमूचं डोकं, मान, केस हे सगळं कुणी हातानं कुरवाळलेलं होतं हे वाचकाला कळेल. मूळ कादंबरी त्यानं आणखी असह्य होईल. असं लिहिणार असाल, तर शृंगार लिहा. नुसती उष्णता वाढवायची असेल, तर यमूला हात लावू नका.

कायद्याची बाजू थोडक्यात. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याचा स्वामित्वहक्क चालतो. हरिभाऊ १९१९ साली गेले, त्यांचं लेखन खुलं आहे. खांडेकर १९७६ साली गेले, त्यांच्या कादंबरीवर काही करायचं तर २०३६ संपेपर्यंत वारसांची परवानगी लागेल. अश्लीलतेचं जुनं २९२ कलम आता भारतीय न्याय संहितेत २९४ क्रमांकानं आहे. त्यात खऱ्या साहित्यकृतीला सूट आहे, पण ती न्यायालयात सिद्ध करावी लागते. म्हणून समीक्षकांनी आणि प्राध्यापकांनी या लेखनावर आधीच, गंभीरपणे लिहिलं पाहिजे. खटला उभा राहिल्यावर साक्षीदार शोधण्यात अर्थ नाही.

आणि आता नरेंद्र. त्यानं सोन्यासाठी आपलं नाव सोडलं नाही. माझ्याकडं आलेल्या त्या वहीवर नाव नाही. सोबतच्या चिठ्ठीत तिनं लिहिलं आहे, घरी कळलं तर माझं लिहिणं बंद होईल. तिच्या घरच्यांना मी दोष देत नाही, भीती आपण सगळ्यांनी मिळून घातली आहे. माझी या जिल्ह्यातल्या दिवाळी अंकांच्या संपादकांना विनंती आहे, की ती वही माझ्याकडून न्यावी, नीट वाचावी, संपादन करावं आणि छापावी. मानधन इतर लेखकांइतकंच द्यावं. नाव घालायचं की टोपणनाव, ते तिला विचारावं, आणि ती जे सांगेल ते पाळावं. उद्या सकाळी निघेपर्यंत मी इथंच आहे, आणि वही माझ्या पिशवीत आहे.