महाविद्यालय शाळेच्या दारी

विद्येसाठी विद्यार्थ्याने घर सोडावे, समिधा घेऊन गुरूच्या दाराशी उभे राहावे, ही भारतातील जुनी रीत. गुरूच शिष्याच्या शोधात निघाला, असे उदाहरण विरळा. आज मात्र महाविद्यालये विद्यार्थ्यांना शोधीत शाळांच्या दारी येऊ लागली आहेत. बंगळुरूतील कोरमंगला ही त्या दृष्टीने पाहण्याजोगी वस्ती आहे. सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय येथे आहे. 1966 साली निघालेले मुलींचे ज्योती निवास महाविद्यालयही येथलेच. संगणक-व्यवसायातील सुस्थित कुटुंबे येथे राहतात. अशा घरांतील मुलांना भेटण्यासाठी देशातील खाजगी विद्यापीठांचे आणि परदेशी विद्यापीठांचे प्रतिनिधी शहरात येतात, शाळांतून बोलतात, माहितीपत्रके वाटतात.

या भेटींचे मोल काय? प्रथम त्यांची मर्यादा पाहावी. कर्नाटकातील अभियांत्रिकीच्या सरकारी जागा सामायिक प्रवेश परीक्षेतील क्रमांकाने मिळतात. वैद्यकाचा प्रवेश ‘नीट’ परीक्षेवर अवलंबून असतो. तेथे कोणाही पाहुण्याच्या शब्दाने जागा मिळत नाही, आणि तसे आश्वासन देणाऱ्यापासून पालकांनी दूर राहणेच बरे.

अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांची पद्धत निराळी आहे. तेथे गुणांबरोबरच विद्यार्थ्याचे लेखन, शिक्षकांची पत्रे आणि शाळेची परिस्थितीही पाहिली जाते. आणि शाळेला भेट देणारा अधिकारीच पुष्कळदा त्या प्रदेशातील अर्ज वाचतो. शाळेत कोणते विषय शिकवतात, गुणदान किती कडक आहे, हे त्याने समक्ष जाणून घेतले असले, म्हणजे कागदावरच्या ऐंशी टक्क्यांना अर्थ येतो. विद्यार्थ्यालाही खर्च, शिष्यवृत्ती, वसतिगृह यांविषयी थेट विचारता येते. आर्थिक साहाय्य मागितले तर प्रवेशाची शक्यता घटते काय, हा प्रश्न तर अवश्य विचारावा. कारण परदेशी विद्यार्थी निवडताना तेथील बहुतेक महाविद्यालये ऐपतही लक्षात घेतात.

दुसरा प्रश्न याहून नाजूक आहे. समोर बोलणारा मनुष्य महाविद्यालयाचा पगारी नोकर आहे, की दर विद्यार्थ्यामागे दलाली घेणारा मध्यस्थ? सरकारी साहाय्याचा लाभ घेणाऱ्या महाविद्यालयांनी विद्यार्थी मिळवून देण्याबद्दल अशी दलाली देऊ नये, असे बंधन अमेरिकेच्या कायद्याने 1992 साली घातले. परंतु परदेशात राहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांची भरती त्या बंधनातून वगळण्यात आली. म्हणजे घरापासून जो सर्वांत दूर जाणार, त्यालाच हे संरक्षण नाही. सल्ला आणि विक्री यांतील भेद ओळखण्याचे काम मग शाळेवर आणि पालकांवर येऊन पडते.

आणि हे पाहुणे जातात तरी कोठे? 2018 साली ओझान जॅकेट व करीना सालाझार या संशोधकांनी अमेरिकन महाविद्यालयांच्या शाळाभेटी तपासून दाखवून दिले, की त्यांची पावले संपन्न वस्त्यांतील शाळांकडे अधिक वळतात. ज्या घरात आईवडील स्वतः पदवीधर आहेत, तेथे भेट झाली नाही तरी मुलाचे फारसे अडत नाही. कोरमंगलाला लागूनच एजीपुरा आहे. तेथील कष्टकरी घरातल्या मुलीला महाविद्यालयाची इमारत रोज दिसत असेल. पण अर्ज केव्हा करावा, फी कशी माफ होते, कोणता दाखला लागतो, हे तिला सांगणारे कोणी नसते. अंतर रस्त्याचे नाही, माहितीचे आहे. सातासमुद्रापलीकडचा प्रतिनिधी शेजारच्या शाळेत येऊन जातो, आणि समोरचे महाविद्यालय मात्र तिला परकेच राहते.

महाराष्ट्राला याचा वस्तुपाठ फार पूर्वी मिळाला आहे. 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापणारे कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थी येण्याची वाट पाहत बसले नाहीत. खेडोपाडी हिंडून त्यांनी गरिबांची होतकरू मुले गोळा केली. 1924 साली साताऱ्यात वसतिगृह काढून सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीस बसवले. ज्याला शिकता येईल असे त्याच्या आईबापांनाही वाटत नव्हते, त्याच्या घरी ते गेले.

शाळेच्या दारी येणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाची पारख याच कसोटीवर व्हावी. जे मूल कसेही करून आलेच असते, त्याला बोलावण्यात व्यवहार आहे. ज्याला येण्याचे सुचलेच नसते, त्याला हाक घालण्यात शिक्षण आहे. कोरमंगलातील महाविद्यालयांना त्यासाठी समुद्र ओलांडावा लागणार नाही. रस्ता ओलांडला तरी पुरे.