कर्तव्यांचा पेच आणि तत्त्वज्ञान



तत्त्वज्ञान हा उतारवयाचा विषय होय, अशी एक समजूत समाजात रूढ आहे. दुकानाच्या किल्ल्या मुलाच्या हाती गेल्या की मग पोथी उघडावी. तोपर्यंत वेदान्त आणि व्यवहार यांची गाठ पडू नये, असे पुष्कळांना वाटते. परंतु भगवद्गीता अरण्यात किंवा आश्रमात सांगितली गेलेली नाही. दोन सैन्यांच्या मध्ये, ऐन कामाच्या वेळी, काय करावे हे सुचेनासे झालेल्या एका कर्त्या पुरुषाला ती सांगितली गेली. तत्त्वज्ञानाची गरज केव्हा लागते, याचे उत्तर या प्रसंगातच आहे.

अर्जुनापुढे एका बाजूस धर्म व दुसऱ्या बाजूस उघड अधर्म असता, तर गीतेचे प्रयोजनच पडले नसते. चोरी करू नये, हे सांगण्यास शास्त्र लागत नाही. क्षात्रधर्म युद्ध कर म्हणतो, कुलधर्म गुरुजनांवर शस्त्र उचलू नकोस म्हणतो. खरा पेच हा आहे. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’च्या ‘कर्मजिज्ञासा’ या प्रकरणात अशाच पेचांची मीमांसा केली आहे. १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेच्या तुरुंगात गेले आणि १९१०-११ च्या हिवाळ्यात तेथेच त्यांनी हा ग्रंथ शिसपेन्सिलीने लिहून काढला. १९१२ साली पत्नीच्या निधनाची वार्ता त्यांना तुरुंगातच कळली. १९१४ साली सुटका होताच त्यांनी लोककार्य पुन्हा हाती घेतले व १९१५ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील कर्मयोग असा आधी आयुष्यात कसास लागला होता.

महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या ब्राह्मणाची कथा सांगतात. सदैव सत्यच बोलावे, हे त्याचे व्रत. दरोडेखोरांच्या भयाने काही माणसे रानात लपली. दरोडेखोरांनी विचारताच कौशिकाने त्यांची जागा सांगितली व ती माणसे मारली गेली. व्रत राखूनही कौशिक नरकास गेला. नियम त्याला ठाऊक होता. तो कशासाठी आहे, हे उमगले नव्हते.

ही कथा असत्याला मोकळीक देते, असे मात्र कोणी समजू नये. नियमाला अपवाद करताना त्याचा लाभ कोणाला होतो, हे प्रथम पाहावे लागते. लाभ आपलाच असेल, तर तो धर्माचा सूक्ष्म विचार नव्हे, पळवाट होय.

असे प्रसंग घरोघरी येतात. असाध्य आजार झालेल्या वडिलांना किती सांगावे, हा मुलापुढे प्रश्न असतो. आखातात नोकरी करणाऱ्याला मुलांचे शिक्षण तिकडे धरून ठेवते आणि गावच्या घरात एकटी राहिलेली आई इकडे ओढते. तत्त्वज्ञान यांची तयार उत्तरे देत नाही. पण या निवडीत कर्तव्य किती आणि आपली सोय किती, हे वेगळे करण्यास ते शिकविते. तेवढे झाले तरी अर्धा पेच सुटतो.

देवस्थानाच्या कारभारालाही हीच कसोटी लागू पडते. गोव्यात १९३३ च्या नियमावलीने अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि मुखत्यार यांची कामे आखून दिली. परंतु अग्रशाळेच्या दुरुस्तीचे काम आपल्याच भाच्याने मागितले, तर मन कसे निर्लेप ठेवावे, हे नियमावली सांगू शकत नाही. पालखीच्या मानावरून दोन घराण्यांत वाद उभा राहतो. दोघांपाशी जुने दाखले असतात आणि दोघेही आपापल्या परीने खरे असतात. तथापि मान म्हणजे मुळात देवाच्या सेवेची वाटणी. त्या वाटणीपायी उत्सवच बंद पडला आणि देव वर्षभर कुलपात राहिला, तर दाखला जिंकूनही कौशिकाचीच गती व्हायची.

यक्षाने खरा मार्ग कोणता असे विचारले, तेव्हा युधिष्ठिराने महाजन ज्या वाटेने गेले त्या वाटेकडे बोट दाखविले. महाजन म्हणून वहीत नाव जन्माने लागते. मागून येणाऱ्याने निःशंकपणे पाऊल टाकावे, अशी वाट मात्र प्रत्येकाला स्वतःच्या आचरणाने पाडावी लागते. ती पाडण्याची सद्बुद्धी श्रीदेव सर्वांना देवो, हीच प्रार्थना.