पोळ्यांची सावड

नाशिकच्या इंदिरानगरमधून आम्ही बचत गटाच्या बाया तुमच्याशी बोलतोय. गटाच्या बैठकीत आपण नेहमी पैशाचा हिशेब मांडतो. आज थोडा वेळेचा हिशेब मांडायचा आहे. आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी, वय वर्षं १९, यंदाच्या जानेवारीत मुंबई मॅरेथॉनमधली १० किलोमीटरची शर्यत धावून आली. तिचा नंबर काही आला नाही. तरीही तिची गोष्ट सांगायची, कारण अशी एखादी पोर तुमच्याही गावात असणार. तिच्या घरच्यांना विचारूनच सांगतोय, पण नाव मात्र घेत नाही.

आपल्या नाशिक जिल्ह्याला धावणाऱ्या मुली नव्या नाहीत. हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊत तुम्हाला माहीत आहेतच. सावरपाडा एक्सप्रेस म्हणतात त्यांना. आदिवासी पाडा, लांबून पाणी आणायचं, पायात बूट नाहीत. त्या अनवाणीच धावायला लागल्या. पुढे नाशिकला प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्याकडे शिकल्या. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवलं. त्याच वर्षी चीनमधल्या ग्वांगझूला आशियाई स्पर्धेत रौप्य. तिथं सुवर्ण मिळवणाऱ्या प्रीजा श्रीधरन यांच्यात आणि कविताताईंमध्ये एका सेकंदाचंही अंतर नव्हतं. २०१६ मध्ये गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेत त्यांनी ४२ किलोमीटरची मॅरेथॉन २ तास ३८ मिनिटांत जिंकली आणि त्याच वर्षी रिओ ऑलिम्पिकला गेल्या.

आणखी एक गोष्ट ऐका. ऑलिम्पिकमध्ये बायकांची मॅरेथॉन सुरू झाली ती १९८४ साली. त्याआधी एवढं अंतर बाईच्या शरीराला झेपणार नाही, असं मोठमोठे लोक म्हणायचे. कविताताईंचा जन्म १९८५ चा. म्हणजे ही वाट फार जुनी नाही, आपल्या डोळ्यांदेखत झालेली आहे.

आता आमच्या पोरीकडे येऊ. तिची आई अंबडच्या कामगारांना डबे देते. रोज सकाळी ७० पोळ्या लागतात. पहाटे ५ ते ७ या वेळात कणीक मळणं आणि पोळ्या लाटणं हे मुलीचं काम, आणि धावायची वेळही तीच. उशिरा गेलं तर ऊन चढतं, कॉलेज असतं, रस्त्यावर गाड्या असतात. बैठकीत आईनं कर्ज मागितलं ४ हजारांचं. बूट, शर्यतीची फी, मुंबईचा प्रवास यासाठी. तेव्हा एक ताई स्पष्ट बोलल्या, “शिलाई मशीनला कर्ज देतो, शेळीला देतो. पळण्याला कर्ज दिलं तर त्यातून येणार काय?” प्रश्न रास्त होता. दुसऱ्या ताई म्हणाल्या, “आजारपणाला देतो, लग्नाला देतो. त्यातून तरी काय येतं?” बराच वेळ बोलणं झालं. शेवटी नेहमीच्याच व्याजानं, दहा हप्त्यांत फेडायच्या बोलीवर कर्ज मंजूर झालं. आईनं आजवर एकही हप्ता चुकवलेला नाही.

पण पैशानं अर्धंच काम झालं. पोळ्यांचं काय? मुलगी पहाटे धावायला गेली तर डबे उशिरा जाणार, आणि डबे उशिरा गेले तर गिऱ्हाईक तुटणार. तेव्हा गल्लीतल्या चौघींनी ठरवलं, आठवड्यातून एकेक दिवस आपण जाऊन पोळ्या लाटायच्या. शेतात आपण सावड करतो ना, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या, तशीच ही पोळ्यांची सावड. बदल्यात मुलीची आई त्यांची लेकरं सांभाळायची, कुणी आजारी असेल तर तिच्या घरी डबा पाठवायची. अशा रीतीनं मुलीला आठवड्याचे चार दिवस, रोज एक तास मिळाला. मैत्रिणींनो, मुलगी धावत का नाही, खेळत का नाही, याचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं, की तिला कुणी तो तास दिलेलाच नसतो.

पहाटे अंधार असतो. म्हणून सुरुवातीला दोघी जणी तिच्याबरोबर जॉगिंग ट्रॅकवर जायच्या. ती धावायची, या चालायच्या. दोन महिन्यांत एकीची गुडघेदुखी कमी झाली, तो वरचा नफा.

तयारीत सगळ्यात आधी तिचं रक्त तपासून घेतलं. हिमोग्लोबिन ९ निघालं. बाईचं ते निदान १२ तरी असावं लागतं. रक्त कमी असलं की धाप लवकर लागते, पाय जड होतात आणि आपण म्हणतो, पोरगी आळशी आहे. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी आहे, म्हणजे हा प्रश्न तुमच्याआमच्या घरातलाच आहे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. जेवणात मोडाची मटकी, पालेभाजी, वर लिंबू पिळून. बाजरीची भाकरी, शेंगदाणे, गूळ. आणि जेवणावर लगेच चहा बंद, कारण चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११ च्या वर गेलं. धावणं सुधारलं ते तिथून.

सराव कसा वाढवला? पहिल्या महिन्यात दोन मिनिटं धावायचं, दोन मिनिटं चालायचं. मग हळूहळू अंतर वाढवलं. एकदम उडी घेतली की नडगी आणि गुडघे दुखतात. मुंबईला जायच्या आधीच्या आठवड्यात सराव कमी केला, म्हणजे पायांना आराम मिळतो.

शर्यतीचा नंबर आधीच मुंबईत जाऊन घ्यावा लागतो. मायलेकी पंचवटी एक्सप्रेसनं गेल्या, रात्री परळला मावशीकडे राहिल्या. त्याच संध्याकाळी मुलीची पाळी आली. आई म्हणाली, राहू दे आता. मुलगी म्हणाली, पोटात फार दुखत नाही, मी धावते. पाळीत धावू नये असा काही नियम नाही. दुखणं किंवा अंगावरून जाणं जास्त असेल तर थांबावं. नसेल तर आपल्या शरीराला विचारून ठरवावं. तिनं ठरवलं.

सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ माणसांचा समुद्र. सगळ्या शर्यती मिळून ५० हजारांहून जास्त लोक असतात तिथं. मागे उभं असलं तर सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोचायलाच वेळ जातो. पण घाबरायचं नाही, छातीवरच्या नंबराला चिप असते आणि आपली वेळ आपण रेषा ओलांडल्यापासून मोजली जाते. गर्दीच्या जोरात पोरगी पहिले दोन किलोमीटर भलतीच जोरात पळाली. तिसऱ्याला बरगडीखाली कळ आली. मग ती कडेला झाली, शंभर पावलं चालली, पाणी घोटघोट प्यायली आणि पुन्हा आपल्या चालीनं निघाली. आठव्या किलोमीटरला पांढऱ्या केसांच्या एक आजी तिला मागे टाकून गेल्या. जाता जाता म्हणाल्या, “चल गं पोरी, आलंच आता!” १ तास ९ मिनिटांत तिनं शर्यत पुरी केली.

परत आल्यावर गटानं विचारलं, काय आवडलं? आम्हाला वाटलं, पदक सांगेल, समुद्र सांगेल. ती म्हणाली, “मी रस्त्याच्या मधोमध धावत होते आणि कुणी हॉर्न मारला नाही, कुणी काही बोललं नाही.” आमच्याकडे सर्व्हिस रोडला तिच्यामागे मोटारसायकलवरची पोरं काय काय बोलत जायची, ते तिनं आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

वडिलांचं मात्र वेगळंच होतं. सिन्नरकडचं एक स्थळ आलं होतं आणि मुंबईची हौस झाली की लग्न, असं ते म्हणत होते. शर्यतीनंतर त्यांचं मन एकदम पालटलं, असं काही झालं नाही. आम्ही तिघी जणी त्यांच्याकडे गेलो. भांडायला नाही, बोलायला. पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, १०० मीटर धावावं लागतं, गोळा टाकावा लागतो, आणि मैदानी चाचणीच्या ५० पैकी २० गुण त्या ८०० मीटरचेच असतात, हे त्यांना कागदावर लिहून दाखवलं. १० किलोमीटर धावणाऱ्या पोरीचा पाया तयार आहे, आता वेग वाढवायचा, एवढंच. भाऊंनी चहा पाजला, विचार करतो म्हणाले. आठ दिवसांनी निरोप आला, दोन वर्षं थांबतो. दोन वर्षं म्हणजे फार नाहीत. पण कालपर्यंत तीही नव्हती. मुलगी आता मैदानावर गोळ्याचाही सराव करते, आणि पोळ्यांची सावड चालू आहे.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एवढंच करा. आपल्या वस्तीत धावू शकेल, खेळू शकेल अशी मुलगी कोण, ते आठवा. तिचं रक्त तपासलंय का, ते विचारा. अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात गोळ्या मिळतात, त्या ती घेते का, ते बघा. आणि तिच्या वाट्याचं घरातलं काम लिहून काढा: पाणी, भांडी, भाकरी, धाकटी भावंडं. त्यातला एक तास कोण उचलेल, ते ठरवून ठरावाच्या वहीत लिहा. वहीत लिहिलं की ते गटाचं काम होतं, मग एकट्या आईवर ओझं राहत नाही.

तुमच्या गटानं काय ठरवलं ते आम्हाला जरूर कळवा. येतो आता. नमस्कार!