परदेशची गोळी आणि घरची जीभ

श्रोतेहो, आजच्या माझ्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकी कित्येकांना हसू येईल. सारा जन्म मुलांना गणित व व्याकरण शिकविण्यात घालविलेल्या, साठी उलटलेल्या माणसाने गोळ्यांवर आणि चॉकलेटांवर बोलावे, हे त्याच्या वयास शोभत नाही, असेही कोणी म्हणेल. परंतु गेल्या दिवाळीत जळगावास माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी एक लहानसा प्रसंग घडला, आणि तेव्हापासून अनोळखी पदार्थ जिभेवर ठेवणे ही वाटते तितकी क्षुल्लक गोष्ट नव्हे, असे माझे मत झाले आहे. ते आपणांपुढे मांडावे, एवढाच आजचा हेतू.

आक्कांचा नातू तोक्यो शहरी नोकरीस आहे. त्या शहरातील निशी-कासाई या भागात आपल्याकडील पुष्कळ कुटुंबे राहतात. तेथेच त्याचे बिऱ्हाड. दिवाळीसाठी तो रजेवर आला, आणि मी धुळ्याहून जाऊन पोचतो तोच त्याने आपली पेटी बैठकीत उघडली. कपडे थोडे आणि खाऊ फार, असा तो प्रकार होता. एका डबीवर जीभ बाहेर काढून हसणारी, गोबऱ्या गालांची मुलगी. तिचे नाव पेको. 1950 साली तेथील एका मिठाईवाल्यांनी ती प्रथम लोकांपुढे आणली, आणि पुढच्याच वर्षी निघालेल्या दुधाच्या गोळ्यांवर जाऊन बसली ती आजतागायत तेथेच आहे. दुसऱ्या पाकिटावर डोळे मिटलेले मांजर, तिसऱ्यावर गाल लाल झालेले पीच. जपानी भाषेत अशा गोजिरवाण्या रूपाला ‘कवाई’ म्हणतात, असे नातवाने सांगितले. घरातील लहान मुले गोळ्या विसरून पाकिटांवरच भांडू लागली, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ निराळा समजावून सांगण्याचे कारण उरले नाही.

मग चव घेण्याचा समारंभ सुरू झाला. मी घरातील वडील पुरुष, म्हणून पहिली गोळी मजकडे आली. ती खारवलेल्या उमे नावाच्या फळाची होती. गोड असेल या भरवशावर ती मी तोंडात टाकली, आणि क्षणात डोळे मिटले. आधी खारट, मग आंबट, आणि सर्वांच्या शेवटी गोड! मुले माझ्या मुद्रेकडे पाहून खदखदा हसली. परंतु ती चव जिभेवर थोडी स्थिरावल्यावर मला शाळेच्या फाटकाबाहेरची टोपली आठवली. मीठ लावलेली चिंच, बोरकूट, वाळविलेला आवळा हे पदार्थ आपण लहानपणी पैसे देऊन खाल्ले आहेत. तेव्हा गोळी परकी खरी. पण तिच्या चवीशी आपली ओळख जुनीच होती.

दुसरी गोळी हिरव्या चहाची. ती थोडी कडवट. त्या देशात चहाची कोवळी पाने दळून बारीक पूड करतात आणि ती पाण्यात घुसळून पितात. तीच पूड गोळीत घातलेली असते. आमच्या घरी चहा म्हणजे दूध, साखर आणि आले. त्यामुळे ती गोळी कोणालाच रुचली नाही, आणि रुचली असे मीही म्हणणार नाही. तिसरी मात्र मजेची निघाली. ती चिकट तांदळाच्या पिठाची, पपनसाच्या वासाची, मऊ वडी होती. तिच्यावर काचेसारखा पातळ पापुद्रा. तो नखाने सोलण्याचा मी बराच खटाटोप केला. शेवटी नातू म्हणाला, “आजोबा, तो कागद नाही, तो खायचा असतो.” तो पापुद्रा पिष्टाचा असतो आणि जिभेवर ठेवताच विरघळतो. अज्ञानाने माणूस खाण्याजोगी वस्तू कशी टाकून देतो, याचे याहून चांगले उदाहरण मला वर्गात कधी सापडले नव्हते.

त्यानंतर एका खोक्यातून पिवळ्या केळ्यांच्या आकाराचे छोटे केक निघाले, आणि घरात हशा उसळला. ज्या जिल्ह्याच्या केळ्यांना 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या जळगावास जपानातून केळे आणावयाचे, म्हणजे गंगेच्या काठी राहणाऱ्याला तांब्याभर पाणी नेऊन देण्यासारखे! ‘तोक्यो बनाना’ या नावाने 1991 पासून ही मिठाई विकली जाते. तोक्यो काही केळ्यांसाठी प्रसिद्ध नाही. पण त्या शहराहून घरी परतणारे कितीतरी लोक हे खोके बरोबर नेतात. प्रवासाहून येताना त्या गावाची मिठाई घरच्यांसाठी व कचेरीतल्या मंडळींसाठी आणावयाची, असा जपानात रिवाज आहे. वाटण्यास सोयीचे व्हावे म्हणून प्रत्येक नग वेगळ्या वेष्टनात असतो. पंढरपूरहून परतलेला वारकरी चुरमुरे-बत्तासे वाटतो, त्यामागची भावना याहून फार वेगळी आहे असे मला वाटत नाही. मात्र वारकऱ्याची पुडी एक आणि घरे वीस. येथे गोळ्या वीस आणि वेष्टनेही वीस. त्या संध्याकाळी केराच्या टोपलीत रंगीत कागदांचा जो ढीग साचला, तो पाहून माझ्या आनंदास थोडे गालबोट लागले, हेही सांगितले पाहिजे.

केकमध्ये अंडे आहे, हे नातवाने आधीच सांगून ठेवले होते. त्यामुळे आक्कांनी त्यास हात लावला नाही. आक्कांचे वय ऐंशीच्या घरात. दोन्ही एकादश्या, चातुर्मास आणि सोवळे-ओवळे त्यांनी आजवर निष्ठेने पाळले आहे. पण त्याचा काच दुसऱ्या कोणाला कधी होऊ दिला नाही. नातवाने एवढ्या लांबून आणलेले आपण काहीच खात नाही, याचे त्यांनाच वाईट वाटत असावे. दात नसल्यामुळे त्यांनी द्राक्षाच्या रंगाची एक मऊ, लवचीक गोळी उचलली. ती त्यांना आवडली. त्यांनी दुसरीही घेतली, आणि नातवाच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी पाहिला.

रात्री सारे निजल्यावर मी ते पाकीट हाती घेतले. शिक्षकाची सवय, छापील अक्षर दिसले की ते वाचल्यावाचून राहवत नाही. अक्षरे जपानी होती. परंतु हल्ली मोबाइलचा कॅमेरा अक्षरांवर धरला की त्यांचा अर्थ इंग्रजीत दिसतो. साखर, फळाचा रस, आणि त्यापुढे शब्द आला, जिलेटिन. जिलेटिन जनावरांच्या कातड्यापासून व हाडांपासून काढतात. आपल्याकडे शाकाहारी पदार्थावर हिरव्या ठिपक्याची खूण असते; ती पाहून आपण निर्धास्त होतो. जपानात तशी खूण नाही. तेथे घटकांची यादी छापलेली असते, आणि ती वाचणाराने वाचावयाची. म्हणजे लपविलेले काहीच नव्हते. आम्हीच वाचले नव्हते.

श्रोतेहो, त्या रात्री मला झोप आली नाही. सांगावे, तर ऐंशी वर्षांच्या बाईच्या मनास निष्कारण टोचणी. न सांगावे, तर उद्या ती त्याच पाकिटातली तिसरी गोळी उचलणार. न कळत झाले ते पाप नव्हे, असे मनाची समजूत घालण्यास पुष्कळ जागा होती. पण मला कळले होते. आणि आता जे घडेल ते माझ्या कळत घडणार होते. वर्गात मुलांना सत्याचे धडे देणे सोपे असते, कारण तेथे सत्याची किंमत आपणांस मोजावी लागत नाही.

सकाळी तुळशीपाशी त्या एकट्या असताना मी त्यांना सांगितले. त्या क्षणभर स्तब्ध राहिल्या. हातातला तांब्या त्यांनी खाली ठेवला. मग म्हणाल्या, “सांगितलेस ते बरे केलेस. आज मी जेवायची नाही, एवढेच. पण पोराला यातले काही बोलू नकोस. त्याने प्रेमाने आणले, त्याला जन्मभर रुखरुख लागेल.” मी म्हणालो, “आक्का, त्याला न सांगावे तर पुढल्या खेपेस तो पुन्हा तेच आणील.” त्यावर त्या थोडा विचार करून म्हणाल्या, “मग असे सांग, की पुढच्या वेळी वाचून आण. मी खाल्ली होती, हे मात्र सांगू नकोस.” मी तसेच केले. आज हे उघड बोलतो आहे ते त्यांची परवानगी घेऊन. नातवाला पुढे त्यांनी स्वतःच हसत हसत सारे सांगून टाकले.

त्या दिवशीचा त्यांचा उपास दुसऱ्या सकाळी सुटला. तेव्हा नातवाने पेटीच्या तळातून एक लहानशी काचेची बाटली काढली. या वेळी यादी आधी वाचली गेली. तीत साखरेवाचून बहुतेक काही नव्हते. बाटलीत पांढरे, गुलाबी, फिकट हिरवे, काटेरी दाणे होते. आक्कांनी एक दाणा तळहातावर घेतला, उजेडात धरला, आणि त्या एकदम म्हणाल्या, “अरे, हा तर हलवा!”

आणि खरोखरच तो हलवा होता. त्याचे जपानी नाव कोंपेइतो. हा शब्द पोर्तुगीज ‘कॉन्फेइतो’ म्हणजे मिठाई, या शब्दावरून झाला. लुईश फ्रोइश नावाचा एक पोर्तुगीज धर्मोपदेशक 1548 साली आपल्या गोव्यास आला. पुढे 1563 साली तो जपानात पोचला, आणि 1569 साली त्याने ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराला काचेच्या कुपीतून हे साखरेचे दाणे नजर केले. त्या काळी जपानात साखर इतकी दुर्मिळ होती की, ही भेट सरदारास शोभण्यासारखी होती.

त्याची कृती ऐकून तर आक्कांना फारच नवल वाटले. तिरप्या, तापलेल्या, सावकाश फिरणाऱ्या मोठ्या कढईत बारीक कण घालतात. पूर्वी त्यासाठी खसखस वापरीत. त्यावर पाक थोडा थोडा शिंपडीत राहतात, आणि दाणे दिवसेंदिवस वाढत जाऊन त्यांना काटे फुटतात. एक दाणा सिद्ध होण्यास दोन आठवडे लागतात. हे काटे कसे फुटतात, या प्रश्नाने तोराहिको तेरादा नावाच्या जपानी पदार्थविज्ञानवेत्त्यासही विचारात पाडले होते. आमच्या आक्कांनी पदार्थविज्ञान शिकलेले नाही. परंतु संक्रांतीच्या आधी शेगडीवर परात ठेवून, मंद निखाऱ्यावर तीळ किंवा खसखस बोटांनी हलवीत, चमच्याचमच्याने पाक सोडीत त्यांनी कित्येक वर्षे हलवा केला आहे. लेकीसुनांचे पहिले सण आणि नातवंडांची बोरन्हाणे त्याच हलव्याच्या दागिन्यांनी साजरी केली आहेत. पाक फार घातला तर काटे बुजतात, आच वाढली तर दाणा पिवळा पडतो, हे त्यांनी नातवाला तेथल्या तेथे सांगितले. तो बिचारा दोन महिन्यांच्या पगाराची गोष्ट ऐकावी तसे लक्ष देऊन ऐकत होता.

मला या सर्वांतून एवढेच सांगावयाचे आहे. आपल्या ‘खंड’ या संस्कृत शब्दापासून फारशीतला ‘कंद’ झाला, आणि तोच फिरत फिरत इंग्रजीत ‘कँडी’ होऊन बसला. धुळ्याच्या दक्षिणेस, मालेगावजवळच्या रावळगावी वालचंद हिराचंद यांनी 1933 साली साखर कारखाना उभारला. तेथल्या गोळ्या खात आमची पिढी वाढली. 2024 साली त्या गोळ्यांची नावे सत्तावीस कोटी रुपयांस दुसऱ्या हाती गेली. गोडाचा हा व्यवहार देश, भाषा आणि मालक बदलीत चालतच असतो. म्हणून नव्या चवीस भिऊ नये, आणि नुसत्या गोजिरवाण्या चित्रावर भुलूही नये. आधी वाचावे, मग चाखावे. आणि दुसऱ्याच्या तोंडात घास घालण्यापूर्वी त्यात काय आहे, हे त्यास सांगावे. पाहुणचाराचा हा पहिला नियम आहे, असे मी आता समजतो.

ती रिकामी बाटली आक्कांनी टाकली नाही. यंदाच्या संक्रांतीस त्यांनी नातसुनेस शेजारी बसवून थोडासा हलवा केला, त्या बाटलीत भरला, आणि तो तोक्योला धाडून दिला. बाटलीवर चिठ्ठी होती: ‘साखर, तीळ व पाणी. दुसरे काही नाही.’