शेजारच्या बाकावरचा मास्तर

तक्रार हा शब्द मराठीत आला तो फारसीच्या वाटेने, पण मूळचा अरबी. अरबीत त्याचा अर्थ गाऱ्हाणे नव्हे. पुन्हा पुन्हा म्हणणे, उजळणी. मदरशांत तो आजही त्याच अर्थाने चालतो. उस्तादांचा धडा झाला की संध्याकाळी चार-सहा मुले कोंडाळे करून बसतात. त्यांच्यातलाच एक जण सकाळचा धडा पुन्हा सांगतो, बाकीचे त्याला अडवतात, चुका काढतात. ही तक्रार. तेच ते पुन्हा सांगणारा माणूस रडगाणेच गातो, असे आपल्या वाडवडिलांना वाटले असावे.

श्रोतेहो, मला कॉलेजच्या वर्गातल्या अशा तक्रारीविषयी बोलायचे आहे.

एफ.वाय.ला असताना अर्थशास्त्राच्या तासाला सर इंग्रजीतून नोट्स सांगत, आम्ही खाली मान घालून लिहीत असू. ‘मागणीची लवचिकता’ माझ्या डोक्यावरून गेली. शेजारचा मित्र कुजबुजला, "मीठ महागलं म्हणून तुझी अम्मी सालन अळणी करते का? आणि सिनेमाचं तिकीट वाढलं तर तू जातोस का?" झाले, समजले! सरांनी आम्हा दोघांनाही बाहेर काढले. उरलेला धडा व्हरांड्यात झाला. आमच्या मागच्या बाकावर एक मुलगा बसे, खेड्यातून एस.टी.ने येणारा. त्याला कुणीच काही सांगितले नाही. दिवाळीनंतर तो आलाच नाही. हजेरीत त्याचे नाव मात्र कितीतरी दिवस पुकारले जात होते.

मित्र माझ्याहून फार हुशार होता असे नाही. तो त्याच दगडाला आठवड्यापूर्वी अडखळला होता, इतकेच. सरांना अडखळून तीस वर्षे झाली होती.

अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या विद्यापीठात डिॲना मार्टिन यांनी 1973 साली या गोष्टीला रीतसर रूप दिले. त्यांनी कच्चा विद्यार्थी शोधला नाही, अवघड विषय शोधला. ज्या विषयात पुष्कळ मुले गळतात, त्या वर्गात तोच विषय चांगल्या रीतीने पार केलेला एक वरचा विद्यार्थी पुन्हा येऊन बसतो, वही काढून लिहितो, आणि मग तासाबाहेर मुलांना जमवतो. उत्तर देत नाही, प्रश्न विचारतो. कुणीही यावे, त्यामुळे ‘ढ’ हा शिक्का कुणावरच बसत नाही. कोलोरॅडोतल्या बोल्डर विद्यापीठाने 2003 पासून असे विद्यार्थी प्रत्यक्ष तासातच आणले. ते गटागटांतून फिरतात, दर आठवड्याला प्राध्यापकांसोबत बसून तयारी करतात आणि कसे शिकवावे हेही शिकतात. मला ही दुसरी तऱ्हा जास्त पटते. शेवटची एस.टी. गाठायची असलेला मुलगा तासानंतर थांबणार कसा?

धोकाही सांगायला हवा. मद्रासच्या एग्मोरमधील लष्करी अनाथाश्रमात अँड्र्यू बेल यांनी मुलांकडूनच मुलांना शिकवण्याचा प्रयोग केला. वाळूत बोटाने अक्षरे गिरवण्याची रीत त्यांनी तिथल्याच देशी शाळेत पाहिली होती. 1797 साली त्यांनी त्यावर लंडनमध्ये पुस्तक काढले, आणि पुढे इंग्लंडात एक मास्तर व शेकडो मुले असा स्वस्ताईचा कारखाना उभा राहिला. आपल्याकडे प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या राहतात, तासिका तत्त्वावर माणसे राबवली जातात. कुणी हुशार संस्थाचालक म्हणेल, आता विद्यार्थीच शिकवतील! तसे होता कामा नये. मदतनीस प्राध्यापकाच्या सोबतीला हवा, त्याच्या खुर्चीत नको.

आणि त्याला फुकट राबवू नये. ‘कमवा आणि शिका’ योजनेत मुले बागेत, ग्रंथालयात, कार्यालयात काम करतात, तासांप्रमाणे पैसे घेतात. झाडांना पाणी घालण्याचे पैसे मिळतात, तर शेजारच्याला लवचिकता समजावण्याचे का मिळू नयेत?

मागच्या बाकावरचा तो मुलगा बऱ्याच वर्षांनी मला एस.टी. स्टँडवर भेटला. चहा घेता घेता म्हणाला, "तुम्ही दोघं तासाला सारखं काय कुजबुजायचात रे?"

मी त्याला मिठाची आणि सिनेमाच्या तिकिटाची गोष्ट सांगितली.

"एवढंच होतं होय?" तो म्हणाला.